मूठ

सकाळी सात ते दहा. दहानंतर
हा हार्मोन उतरणीला लागतो,
म्हणून पुरुष माझ्याकडे उपाशीपोटी येतात.
इंदूरच्या छावणीतल्या या लॅबमध्ये बावीस वर्षं
मी एकच वाक्य म्हणते आहे: मूठ आवळा.
मग, सोडा.

आज पहिला आला तो जिमवाला पोरगा,
दंडावर वाघ गोंदलेला. सुई पाहून
वाघासकट शहारला.
"ताई, सोया एकदम बंद केलंय.
कोच भिया म्हणाले, छाती बाईसारखी होते."
म्हटलं, बाईसारखी म्हणजे कशी रे?
तो छतावरचा पंखा बघत राहिला.

दुसरा सांवेरकडचा. चाळीस बिघे सोयाबीन पेरतो,
मंडीत ट्रॉल्या ओततो,
पण घरच्या चुलीवर दाणा चढू देत नाही.
"तीन मुलीच झाल्या हो," म्हणाला,
जणू चाळीस बिघ्यांनी कट केला होता.
मुलगा की मुलगी हे कुणाकडून ठरतं ते मला ठाऊक आहे.
हातात सुई असताना मी वाद घालत नाही.

आमचे डॉक्टर पोतनीस वैतागून म्हणतात,
अहो, माणसांना खाऊ घालून, मोजून पाहिलंय लोकांनी,
ताटातल्या सोयानं हा आकडा हलत नाही.
झोप मोडली की हलतो. पोट सुटलं की हलतो.
पण रात्री दोनपर्यंत सराफ्यात गरम गराडू खाणाऱ्याला
कोण भीती घालणार?

आणि मग टोकन नंबर नऊ.
मी मान वर न करता म्हटलं, नाव?
"त्र्यंबक वासुदेव रेशिमवाले," तो म्हणाला,
वय एकोणपन्नास.
माझा नवरा. रांगेत उभा राहून आलेला.

देवास रस्त्यावरच्या सोया प्लँटमध्ये तो शिफ्ट केमिस्ट.
लग्नाच्या चौथ्या वर्षी, भरल्या हळदीकुंकवात,
थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या,
"दिवसरात्र तो भुगा नाकातोंडात जातो,
मग पाळणा कसा हलायचा?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
यासाठी तरी मी जाऊबाईंचे आभार मानले.
मनातल्या मनात. वाईट आभार होते ते.

तेव्हापासून कंपनीच्या दिवाळीतल्या सोयाबड्या
गेटवरच्या शिपायाच्या घरी जातात.
त्र्यंबक काही बोलला नाही.
घरी येतानाच कपडे बदलून यायला लागला.

मूठ आवळा, मी म्हटलं.
एकोणीस वर्षांत त्याची नस मी पहिल्यांदा नीट पाहिली.
हिरवट, सरळ, आज्ञाधारक.
"दुखलं?" मी कधी कुणाला विचारत नाही. विचारलं.
"नाही," म्हणाला. मूठ सोडायला विसरला.

संध्याकाळी आकडा आला. मर्यादेच्या मधोमध,
शेजारी ना वरचा बाण ना खालचा.
त्यानं कागदाची चौघडी करून खिशात ठेवली.
मला वाटलं होतं, तो जाऊबाईंना फोन करील.
निदान जोरात हसेल.
"इतकंच बघायचं होतं," म्हणाला,
आणि शर्ट धुवायला टाकला. कागदासकट.

आकडा ठीक होता. मूल आलं नव्हतं.
या दोन गोष्टी एकाच घरात
एकमेकींशी न बोलता राहू शकतात.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पावशेर बड्या आणल्या.
गरम पाण्यात टाकल्या तशा फुगल्या,
भिजलेल्या चिमण्यांएवढ्या.
एकेक घेऊन पिळत गेले. आवळ, सोड.
किती पाणी धरून बसतात या!

तो लसूण सोलत होता, वाईट सोलतो.
जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
वर थोडं जीरावन भुरभुरलं.
"मीठ कमी आहे," म्हणाला.
होतंच कमी.

वाघाचा रिपोर्ट अजून यायचा आहे.