चाळीस हजार नग

खैरानी रोडच्या गाळ्यात, पत्र्याखाली,
मी माल तपासते. अकरा वर्षं झाली.
डाग, सुटलेला धागा, घसरलेला रंग,
कापडावर एवढंच वाचते मी.

त्या महिन्यात तिची ऑर्डर आली.
रुंद सुती कापड, काठाला काजूची वेल,
मधोमध गोल, गोलात बाईचा चेहरा,
खाली इंग्रजी अक्षरांत तिकडची बोली.
इद्रिस मास्टरनं बोट फिरवत जुळवलं,
मा-मा ने-के-सा,
आणि टेबलावरची पोरं फुटलीच हसून:
बाई, आणि मामा?
मुस्तन्सिरभाई मस्जिद बंदरहून आले होते, म्हणाले,
तिकडं आईला मामा म्हणतात.
निवडणुकीला उभी आहे.
कुठल्या वॉर्डातून? मी विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला.
वॉर्ड नाही. देश.

पहिला नमुना परत आला.
मास्टरनं सवयीनं तपकिरीत पांढरा ओतला होता,
लग्नाच्या अल्बमात आम्हाला उजळवतात तसा.
चिठ्ठीत एकच ओळ: आहे तेवढी काळी करा.
ती ओळ मी परत वाचून घेतली.
मला बघायला आलेले चहा संपवून म्हणाले होते,
फोटोत निमगोरी वाटली.
तेव्हा अशी एक चिठ्ठी यायला हवी होती कुठून तरी.

दुसराही परत.
कमरेला गुंडाळलं की चेहरा बुडाखाली येतो,
बाई बाजारात बसली तर बसणार कुणावर?
वर सरकवा.
मास्टरनं मलाच उभं केलं, कापड लपेटलं,
आणि खडूनं खूण केली
माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे,
तिकडच्या बाया पोर बांधतात तिथं.

शेजारच्या दोरीवर आमच्याच वॉर्डाचे बॅनर वाळत होते.
वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून
सौ. हेमांगीताई, हात जोडून, पासपोर्टएवढ्या.
मागं साहेब, ढगांतून उगवलेले, गॉगलसकट.
मी नगामागून नग उलटत गेले.
तिचा साहेब कुठल्याच कोपऱ्यात नव्हता.
मास्टरलाही शंका आली, एक फिल्म राहिली की काय.
मस्जिद बंदरला फोन केला त्यानं.
पलीकडून हसू ऐकू आलं.
फिल्म पूर्ण आहे.

मला तिचं काही माहीत नाही.
दिलेला शब्द पाळते की गिळते,
कुणाची जमीन कुणाला देते,
कापड वाटून मत मागते म्हणजे आपल्यासारखीच असणार.
मला ठाऊक फक्त तिचे रंग:
आधी पिवळा, मग तांबडा, मग तो काळा, अजिबात पाणी न घातलेला.
डोळे सगळ्यात शेवटी उमटतात.

एक नापास नग घरी आणला.
रंग अर्धं बोट घसरलाय,
म्हणून ती एका वेळी दोघी दिसते.
मोरीचा पडदा केला.
शलाका दात घासता घासता विचारते,
आई, ही जिंकली का गं?
बिल चुकतं झालं, एवढंच सांगता आलं मला.

दिवाळी उलटल्यावर पुन्हा ऑर्डर.
चेहरा तोच, पडदे तेच,
नावाआधीचा लांबलचक शब्द तेवढा काढायचा
आणि तिथं चारच अक्षरं.
मास्टरनं लावून वाचलं: रईस.
श्रीमंत झाली वाटतं, एक पोरगं म्हणालं.
मुस्तन्सिरभाई चहाचा ग्लास ठेवून उठले.
रईस म्हणजे तिकडं
राष्ट्राध्यक्ष.

या वेळी हसलं नाही कुणी.
पंखा तेवढा वाजत राहिला.
मी पहिला नग ट्यूबलाइटखाली धरला.
डाग नाही. धागा धड आहे.
पाठीवर, खडूच्या जागी,
उगाच खाजल्यासारखं झालं.
पास, म्हटलं मी,
आणि शिक्का मारला.