वीज नसताना हेड निवडणं

वीज दुपारीच गेली. फ्लो बेंचचा आवाज
दमलेल्या घशासारखा खाली खाली येत थांबला.
कागुआसच्या या गल्लीत आता नुसते जनरेटर
आणि अंधार पडताच बेडकांची कोकी कोकी.
मोबाइलचा उजेड धरून मी उभा.
टेबलावर, जुन्या टॉवेलवर, शेजारी शेजारी
दोन हेडं.

एक नवं. सोळा झडपांचं. पोर्ट इतके रुंद
की दोन बोटं मावतात आणि वर यादिएलची हौस.
त्याचे आकडे त्याला पाठ आहेत,
बाळाचं वजन सांगावं तसे सांगतो.

दुसरं आठ झडपांचं, जाड बुडाचं,
भंगारवाल्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याला
टेकण म्हणून लावलेलं.
अजून एका कोपऱ्यात पीस चिकटलंय.

मिग्दालिया ओकासिओ कागद बघत नाही.
चष्मा कपाळावर सारून ती एक्झॉस्टच्या पोर्टात
करंगळी घालते,
दात आलाय का हे बघायला
पोराच्या तोंडात घालावी तशी.
"आत ढकलायला तुझा टर्बो आहे. धटिंगण.
दार अरुंद असलं तरी तो शिरेल.
बाहेर कोण काढणार?"

मग ती नव्याच्या बुडावर नख ठेवते,
दोन सीटांच्या मधोमध.
"ही भिंत बघ. माझ्या नखाएवढी.
सगळी आग हिला घासून जाते,
आणि पाणी हिच्यापर्यंत पोचतच नाही.
शिवाय मोठ्या दारातून हवा सुस्तावून येते.
तुझा टर्बो जागा होईस्तोवर अर्धा ट्रॅक संपलेला."

नाकापेक्षा मोती जड, मी मनात म्हणतो.
मोठ्याने म्हणत नाही, कारण मोती
खरंच सुंदर आहे.

"पण नऊ हजार आरपीएम?" यादिएल विचारतो.
औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो तो,
चौदा महिन्यांच्या रात्री या टॉवेलवर ठेवल्यात त्याने.
"नाही," ती म्हणते. खोटं बोलत नाही.
"जुनं सात हजारांवर धापा टाकेल.
पण सोमवारी पुन्हा सुरू होईल."

तो गप्प. बेडूक गप्प नाहीत.

तेव्हा ती वरच्या फळीवरून तिसरं हेड काढते.
मी दोन वर्षं त्यावरची धूळ पुसतोय,
कधी विचारलं नव्हतं.
आतून आरशासारखं घासलेलं,
उजेड धरला तर पोर्टात माझा डोळा दिसतो.
आणि दोन सीटांच्या मध्ये
केसाएवढी चीर.

"विल्फ्रेदोचं. माझा भाऊ.
सालिनासला, तिसऱ्या फेरीत. पांढरी वाफ.
कोणी मेलं नाही, फक्त कर्ज राहिलं.
आता ऑर्लँडोत एसी दुरुस्त करतो.
दर रविवारी फोन येतो,
आईचं विचारतो, कुत्र्याचं विचारतो."

यादिएल चिरेवर बोट फिरवतो.
"एवढं पातळ कोणी केलं?"

ती चष्मा डोळ्यांवर घेते, पुन्हा काढते.
"त्याला आणखी थोडी हवा हवी होती.
माझा हात तेव्हा फार चांगला होता."

पुढे बराच वेळ काहीच झालं नाही.
यादिएलने एक हेड उचललं, ठेवलं.
दुसरं उचललं. छातीशी धरून उभा राहिला,
शर्टावर काळा डाग उमटेपर्यंत.
मग नवं त्याने टॉवेलमध्ये गुंडाळलं,
कडा नीट आत खोचल्या,
आणि फळीवर ठेवलं, विल्फ्रेदोच्या शेजारी.
"विकू नका," म्हणाला.
"जुन्याला सीटा नव्या बसवा. बोल्ट जाड घाला."

"बोल्ट मी आधीच काढून ठेवलेत,"
मिग्दालिया म्हणाली.

साडेनऊला वीज आली.
बंद करायचा राहिलेला फ्लो बेंच
आपणहून घरघरायला लागला,
वर काही नसताना,
गल्लीतली हवा ओढत, मोजत.
आकडा वर गेला, कधी नव्हता इतका वर.
आम्ही तिघं बघत राहिलो.
मग ती उठली आणि तिने बटण बंद केलं.