विरळ

तेविसावा नमुना भिंतीला चिकटवला,
बाजूला झालो, म्हणालो, बोला.
चहा आला होता. कुणी बोलेना.
खाली खडे बाजारात एक रिक्षावाला
कुणाला तरी दोन भाषांत एकच शिवी घालत होता.

शब्द तीन अक्षरांचा.
शहापूरच्या पेढीची नवी साडी, वर्षाला चाळीसच,
एकेक दीड महिन्याची,
पेटीत, मखमलीवर, किमतीची चिठ्ठी न लावलेली.
मालकीणबाई म्हणाल्या होत्या,
"अक्षर असं काढ, की बघणाऱ्यानं आवाज खाली आणावा."
म्हणून मी वेलांटीला मोराची मान दिली,
र च्या पायात पैंजण घातलं,
ळ च्या दोन्ही पोटांत सोन्याचे ठिपके भरले.

नेमाण्णा उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी साचे करतो.
त्यानं बोटानं मान मोजली.
"पितळेत वतणार न्हवं हे दुकानावर?
वाळूत टिकत न्हाई. मोडंल.
मोडंल तेवढं काढ, मग बोलाव."

कॅम्पातली ग्लॅडिस केकवर नावं लिहिते.
"लग्नाच्या केकवरसुद्धा मी एवढं लिहीत नाही," ती म्हणाली,
"वाचायच्या आधी कापतात लोक."
आणि उरलेली खारी तिनं संपवली.

शिवलिंगप्पांनी कागद उलटा केला,
डोळे मिटायला आले तितपत बारीक केले.
"तुझा र लाथ मारतोय ळ ला.
स्वल्प गाळी बिडरी. वारा सोड थोडा."
मग, बराच वेळानं:
"चाळीस वर्षं पाट्या रंगवतो मी.
वरची ओळ कुठली, खालची कुठली, ते सरकार ठरवतं.
दोन अक्षरांमधली जागा
मी ठरवतो."
आणि माझ्याच पेन्सिलीनं माझ्या शब्दाखाली
त्यांनी कन्नडात लिहिलं: विरळ.
तोच उच्चार, तोच अर्थ,
फक्त डोक्यावर रेघ नाही.
मी शिरोरेघेकडे पाहिलं तसे हसले.
"सगळी पुसू नको, तुझे लोक भांडतील.
लांबवू नको, माझे भांडतील."

त्या रात्री मला तिघांचाही राग आला.
मान काढली. ती बारा रात्रींची होती.
पैंजण निघालं, ठिपके निघाले.
आई गाजराच्या वाफ्यात विरळणीला बसायची
तेव्हा चांगली रोपंही उपटायची.
ही का, विचारलं तर म्हणायची,
"वाईट काय, कुणीही उपटंल."
मी र ला केसभर डावीकडे ढकललं.
परत आणलं. परत ढकललं.
उजाडताना लायब्ररीसमोर दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या,
तेव्हा कुठे रेघ र वर जराशी तुटली
आणि मी ती तशीच ठेवली.

एकतिसावा नमुना मालकीणबाईंनी
काउंटरवर सरळ केला. तळहातानं झाकला. उघडला.
"एवढंच?"
एवढंच.
आत मुनीम कुणावर तरी ओरडत होता,
त्याला त्यांनी बोटानं गप्प केलं.
"काढून टाकल्याचे पैसे मागतोस होय रे,"
म्हणाल्या, अगदी हळू.

वडगावहून पहिला पदर आला.
परशुराम ढवळींच्या मागावर
ळ च्या डाव्या पोटात एक धागा हुकला होता.
ते बोलले नाहीत. मीही नाही.
नेमाण्णानं भिंग लावलं, काढलं,
दुसऱ्या कामाचं विचारलं.

आता पितळेची अक्षरं लागलीत दुकानावर,
वर एक, खाली एक, नियमाप्रमाणे.
रात्री शटर पडल्यावर त्या गल्लीतून जाताना
मी पलीकडच्या फुटपाथवर थांबतो,
मान तिरकी करतो,
एक डोळा मिटतो.
र अजून
अर्धा केस