सोळा पाने कमी

दाखल क्रमांक दोन हजार तीनशे सात.
भयकथा. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला खाकी कापड,
लेखकाचं नाव वाळवीने अर्धं नेलेलं.
एरंडोलच्या या वाचनालयातून
इतक्या वेळा बाहेर गेलेलं दुसरं पुस्तक नाही,
आणि इतक्या वेळा परत आलेलंही.

मी गोष्टी नाही वाचल्या. समास वाचले.

पान अकरा, निळी शाई:
'भाषा जड, भीती हलकी.'
खाली शिसपेन्सिल:
'तुम्ही दुपारी वाचलं असणार.'
त्याखाली, तिरकं:
'मे महिन्यात आपल्याकडे दुपारच वाईट.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि तरी
कुणीतरी कडी वाजवतं.'

हिलाल उखा भोई, जिनिंगचा रात्रपाळीचा रखवालदार,
पगारपत्रकावर करावी तशी
प्रत्येक मताखाली पूर्ण सही करतो.
'सरकीच्या ढिगात असाच आवाज येतो.
उंदीर असतात.' सही, तारीख.
चार पानांनी: 'बहुतेक उंदीर.'
सही आहे. तारीख नाही.

दुसाने सर, भूमितीचे.
तिसऱ्या गोष्टीत खोलीचे कोपरे जुळत नाहीत म्हणून
लाल शाईने लेखकाचे दोन गुण कापलेत:
'चार काटकोन, बेरीज तीनशे साठ. कुठेही.'
पान उलटल्यावर तीच शाई,
अक्षर जरा बारीक:
'घरी जाऊन मोजली.'
पुढे काही नाही.

कासोद्याच्या दवाखान्याचा शिक्का,
आणि एका बाईचं स्वच्छ अक्षर:
'प्रेतं अशी नसतात. मी धुतली आहेत.
ती कुणाकडे बघत नाहीत.
आपणच उगाच त्यांच्यासमोर पदर सारखा करतो.'

आणि कुणीतरी, नाव न घालता:
'हाई गोट आमना गावनी शे.
लेखकले कोनी सांगी?'

शेवटच्या कोऱ्या पानावर कापसाचं वजन,
वजा कट्टी, वजा हमाली.

तर सहावी गोष्ट.
अनुक्रमणिकेत पान एक्क्याऐंशी. नावावर शाई सांडलेली.
पुस्तकात ऐंशीनंतर थेट सत्त्याण्णव.
मला वाटलं कुणी फाडली; फाडतात,
बक्षिसाच्या कूपनासाठीही फाडतात.
जुनं दाखल रजिस्टर काढलं.
नथ्थू शिंपी, तेव्हाचे ग्रंथपाल, लिहून गेलेत:
'बांधणीत सोळा पाने कमी. सूट चार आणे.'
म्हणजे पहिल्याच दिवसापासून.

पण सत्त्याण्णवच्या समासात जागा उरलेली नाही.
'सहावीचा शेवट ओढूनताणून.'
'शेवटच खरा, बाकी मुलांना झोपवायला.'
'पाण्याचा वास बरोबर पकडलाय.'
'त्या बाईने मागे वळायला नको होतं.'
'वळली नसती तर गोष्ट कशी झाली असती?'
'पायऱ्या सव्वीस.' 'सत्तावीस.'
'सत्तावीस. दोनदा मोजल्या.' हे लाल शाईत.
हिलाल उखा भोई: 'मत नाही.' सही.

जिल्ह्याहून तपासणीला आलेले म्हणाले,
फाटकी पुस्तकं बाद करा, अनुदानाला नडतात.
मी मान हलवली.
संध्याकाळी चिंचोक्याची खळ शिजवली,
सोळा कोरी पानं मापात कापली,
ऐंशी आणि सत्त्याण्णवच्या मधे शिवली.
का, ते विचारू नका. पाठ पोकळ वाटत होती, बस.

नववीतला एक पोरगा घेऊन गेला,
रंगारी आळीतला, कान मोठे असलेला.
दहा दिवसांनी आणून दिलं.
मी पानं चाळली. कोरी ती कोरीच,
एका कोपऱ्यात तेवढा तेलाचा अंगठा.

'कसं वाटलं?'
'बाकीच्या ठीक. सहावी भारी.'
जरा घुटमळला.
'काका, त्या पायऱ्या उतरताना मोजायच्या,
का चढताना?'

'उतरताना,' मी म्हणालो.

मग त्याच्याकडून तीन दिवस उशिराचे
तीन रुपये घेतले,
आणि पावती फाडली.