चार चौकोन, मग पाच

स्लाउचं ऑफिस शुक्रवारी बंद होणार होतं.
रिसेप्शनच्या काचेच्या कपाटातला
एकेक फोन ज्यानं त्यानं न्यावा, असं ठरलं.

डेरिलनं ॲल्युमिनियमवाला झटकन उचलला.
"कंपनी तरली ती ह्याच्यावर."
ग्वेन म्हणाली, छे, सरकत्या कीबोर्डवाला;
तो नसता तर हे कपाटच नसतं.
वाद जुना, कँटीनच्या चहाइतकाच पाणचट.

मी घेतला हनुवटीवाला,
खाली वाकडा, मधोमध गोळी.
त्याचं टेस्टिंग माझ्याकडे होतं.
डिसेंबरात, बर्फात बस अडकलेली असताना
इचलकरंजीहून शालनताईचा मेसेज आला:
चार चौकोन, मोकळी जागा, पाच चौकोन.
त्या फोनला आपली लिपी ठाऊक नव्हती.
काना-वेलांटीलाही तो वेगळा चौकोन द्यायचा,
हे मला ठाऊक होतं, तेच नडलं.

बोटांवर मोजलं.
बाबा: चार.
वारले: पाच.
चपखल बसलं.

शेजारच्या म्हातारीनं न विचारता
पेपरमिंट पुढे केलं. मी ते चघळत राहिलो.

रात्री अकराला लाईन लागली. ताई हसत होती,
"अरे, भिशी लागली! वाचलं नाहीस?"

दुसऱ्या दिवशी बग नोंदवला.
वरून उत्तर आलं: किरकोळ.

"पण ह्यानं कंपनीसाठी केलं काय?" डेरिल विचारतो.
काही नाही. चार्जरसुद्धा मिळत नाही आता त्याचा.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले.
गेले तेव्हा
अक्षरं स्वच्छ उमटली होती.