साखळीवरचा माणूस

क्युओपिओ, नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.
इर्मेली काचपट्ट्या रंगवत बसली आहे:
ते प्रथिन असेल तिथे तपकिरी,
नसेल तिथे नुसतं फिकट निळं.

धडधाकट ग्रंथीभोवती तपकिरी कडं दिसतं,
कॉफीचा कप उचलल्यावर टेबलावर उरतं तसं.
ह्या पट्टीवर ते निम्म्यातच
विरून गेलंय.

काय करतं हे प्रथिन?
करत काहीच नाही खरं तर. करू देत नाही.
शेजारी कात्र्या असतात,
कुंपण कातरून बाहेर पडायला टपलेल्या;
हे त्यांच्या पात्यांत बोट घालून बसतं.
जन्मभर तेवढंच.

पट्टी तौनो रॅसॅनेन यांच्या प्रोस्टेटची. वय एकोणऐंशी.
उमेदीत ते सरोवरातून लाकूड वाहून न्यायचे:
हजारो ओंडके मोकळे तरंगणारे,
भोवती साखळीनं जोडलेल्या ओंडक्यांचं कडं,
आणि त्या कड्यावर रात्रभर चालणारा एकजण,
हातात आकडा.

डॉक्टरीणबाई पडद्यावर दाखवतात.
तुमचा राखणदार इथे होता, म्हणतात, आता नाही.
"झोपला?"
"नाही. जीन शाबूत आहे.
त्यावर बारीक खुणा चिकटल्यात, त्यांनी त्याला गप्प केलंय."

रॅसॅनेन हसतात. दात नवे आहेत, नीट बसलेले नाहीत.
"म्हणजे कामावरून काढला.
मलाही तसंच. ट्रक आले,
एका सोमवारी कागद आला.
माणूस जिवंत. आकडा शेडच्या भिंतीवर."

मग जाडजूड बोट पडद्यावर टेकवतात,
बरोबर तिथे, जिथे तपकिरी संपतं.
"पहिला ओंडका इथून सुटला."
बाई काही बोलत नाहीत.
काचेवर बोटाचा ठसा उमटलाय.

"परत बोलावता येतं त्याला?"
"प्रयोगशाळेत. बशीतल्या पेशींत. कधी कधी."
"बशीत," ते म्हणतात,
आणि कोटाचं बटण चुकीच्या काजात घालतात.
जानेवारीपासून किरणं, त्याआधी इंजेक्शनं,
तारखांचा कागद चार घड्या होऊन खिशात जातो.

खाली वाहनतळाच्या पलीकडे
कल्लावेसी गोठायला लागलंय,
काठाकडून आत,
कुणी न नेमता.
ते थोडा वेळ बघत राहतात.
मग गाडीच्या काचेवरचं बर्फ
बसच्या जुन्या कार्डानं खरवडू लागतात.