दुसरी चिठ्ठी

जुनी चिठ्ठी काढायची नसते.
पहिल्या दिवशी खरोटे सरांनीच सांगितलं होतं:
चुकलेली असली तरी राहू द्यायची,
शेजारी आपली डकवायची,
नाव, तारीख, आणि सही वाचता येईल अशी.

सरांची सही वाचता येत नाही.

कपाट नंबर अकरा. डांबरगोळ्यांचा वास.
चौतीस शीट, सगळे कवल्याचे,
फुलांचा पिवळा केव्हाच गेलेला,
उरलाय तो चहा सांडल्याचा रंग.
दोन फोल्डर: केसाळ, बिनकेसाळ.
निदलांवरच्या या केसांवरून
सरांनी एका जातीच्या दोन केल्या,
अकरा पावसाळे घालवून.
एका शीटखाली अजून तो पेपर आहे
ज्यात झाड दाबलं होतं:
लासलगावचे कांद्याचे भाव,
कुठल्याशा मॅटिनीची जाहिरात,
आणि नायकाच्या गालावर पानाचा ठसा.

भादव्यात अंजनेरीवर गेले.
मधल्या पठारावर, तळ्याच्या अलीकडे,
कातळावर बोटभर माती, तिथे
गुडघे टेकून भिंग लावलं.
उन्हातल्या फांदीला केस.
त्याच मुळावरची दुसरी फांदी
खडकाच्या सावलीत वाकलेली,
तिला एकही नाही.
तीनदा पाहिलं.
मग डबा उघडून पोळी खाल्ली.

बुधीबाई लिलके शेळ्यांमागे आल्या, मुळेगावच्या.
म्हटलं, हा सगळा कवला एकच ना?
त्यांनी वाकून एक काडी उपटली, फेकली.
"ह्यो नाय. कडू हाये.
मानूस नाय खात, शेळी बी नाय."
ओळखता कसा?
"दिस कलला का ह्यो आधी मिटतो.
त्यो जागा ऱ्हातो."

घड्याळ काढून बसले.
चार वीसला एकाची पानं मिटली, जोडीजोडीनं,
हातभर अंतरावरचा पाच वाजून गेले तरी उघडा.
केस दोघांनाही होते. दोघांनाही नव्हते.

फोनवर मी ओरडून सांगितलं,
सर पंचवटीत मुलीकडे असतात, ऐकू कमी येतं:
केसांवर काही नाही सर, केस जातात!
ते म्हणाले, वय झालं, जायचेच.

पण कडूपणा कागदावर उतरत नाही,
आणि शीट चाखून बघता येत नाही,
जुन्यांना पाऱ्याचं विष लावलेलं असतं.
म्हणून हिवाळाभर
एका शीटचं एक फूल, वहीत नोंद करून,
उकळत्या पाण्यात, साबणाचा थेंब टाकून.
तीन मिनिटांत ते पुन्हा मऊ होतं.
रंग येत नाही.
आत घडी घालून ठेवलेली शेंग,
सुईनं उलगडायची, सांधे मोजायचे:
पाच, खडबडीत.
किंवा आठ, गुळगुळीत.
कडूला आठ.

सर दोन म्हणाले होते. दोनच निघाल्या.
रेघ भलतीकडून गेली होती.
केसाळातले नऊ इकडे आले,
बिनकेसाळातले सहा तिकडे गेले,
आणि एकोणिसाव्या शीटवर मी थांबले.

दोन फांद्या, शेजारी शेजारी,
एकाच पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या.
एकीची पानं पसरलेली,
एकीची मिटलेली, तशीच दाबली गेलेली.
खाली पेन्सिलीनं, बारीक,
पण वाचता येण्यासारखं:
"संध्याकाळ. हीच का मिटली?"

उत्तर लिहायला तिथे जागा नव्हती.
या शीटला दोन चिठ्ठ्या लावल्या, अ आणि ब,
सरांची डावीकडे होती तिथेच.
माहिती देणाऱ्याच्या रकान्यात
बुधीबाई लिलके, मुळेगाव.
सही सावकाश केली.

अजून पंधरा राहिल्यात.
वाटीतला गोंद कडेनं धरायला लागलाय.